भाजे येथील लेण्यांची छायाचित्रे : प्रिंटमधील फिकट काळ्याची कारणमीमांसा

मळवली स्थानकाच्या दक्षिणेस, विसापूर किल्ल्याच्या डोंगरात कोरलेली भाजे येथील लेणी पश्चिम भारतातील अगदी आरंभीच्या बौद्ध लेण्यांत मोडतात. त्यांतील चैत्यगृहाचा काल सामान्यतः इ. स. पूर्वीचे दुसरे शतक असा मानला जातो. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चैत्यगृहाची लांबी ५९ फूट, रुंदी २६ फूट ८ इंच आणि आतील साध्या अष्टकोनी स्तंभांची संख्या २७ अशी दिली आहे. दर्शनी भागी एके काळी असलेले लाकडी काम नष्ट झाले असल्यामुळे हे चैत्यगृह समोरून पूर्णपणे उघडे आहे. मात्र छताच्या कमानीला बसविलेल्या लाकडी फासळ्या आतमध्ये टिकून राहिल्या आहेत. या लाकडावर कोरलेले लहानसे ब्राह्मी लेख म. न. देशपांडे यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा बराच मजकूर या लेण्यांत उजेडात नसून सावलीत आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

छायाचित्राच्या द्वारे लेण्यांचा अभ्यास करणाऱ्यास म्हणूनच प्रिंटमधील गडद छटांविषयी विशेष दक्ष राहावे लागते. लाकडावरील एखादी रेघ अक्षराची आहे की भेगेची, स्तंभामागील प्रदक्षिणामार्गात भिंत आहे की पोकळी, एखादी खाच मूळच्या कोरीव कामाची आहे की नंतरच्या झिजेची, हे प्रश्न गडद करडा आणि पूर्ण काळा यांतील भेदावर अवलंबून असतात. प्रिंटमधील काळा फिकट पडला की हा भेद मावळतो. सर्वत्र एकच राखाडी छटा पसरते, चित्रातील खोली नाहीशी होते आणि दगड चिखलासारखा दिसू लागतो.

असे प्रिंट हाती आले म्हणजे सामान्यतः एकच उपाय योजला जातो. तो म्हणजे अधिक कठोर प्रतीचा कागद घेणे. काही वेळा त्याने इष्ट परिणाम साधतोही. परंतु फिकट काळा ही एकच एक व्याधी नसून निरनिराळ्या दोषांचे समान लक्षण आहे. कारण न शोधता कागद बदलल्यास काळा गडद होतो खरा, पण त्याबरोबर सावलीतील सूक्ष्म भेद बुजून जातात, आणि अभ्यासकास हवा असलेला पुरावाच नष्ट होतो. यासाठी दोष कोठे उद्‌भवला याचा ठराविक क्रमाने शोध घेणे अवश्य ठरते. हा क्रम कोणता आणि त्यामागील तत्त्व काय, याचे विवेचन पुढे केले आहे.

काळ्याची मर्यादा

प्रिंटमधील काळा म्हणजे कागदावरील जिलेटिनच्या थरात साठलेली धातुरूप चांदी होय. ती कितीही दाट असली तरी पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परावर्तित होतोच. चकचकीत कागदाची कमाल परावर्तन-घनता २.० च्या आसपास किंवा किंचित अधिक असते. म्हणजेच त्याच्या पूर्ण काळ्या भागावरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे शंभरावा हिस्सा परत येतो. निस्तेज, म्हणजे मॅट, पृष्ठभागाच्या कागदाची कमाल घनता १.६ च्या जवळपास धरल्यास त्यावरून सुमारे चाळिसावा हिस्सा परत येतो. एकच निगेटिव्ह या दोन कागदांवर छापल्यास मॅट कागदावरील काळा फिका दिसणार, हे उघड आहे. येथे दोष कोणाचाही नसतो. तो त्या कागदाचा स्वभावच आहे.

याच कारणाने पाण्यात भिजलेले प्रिंट फसवे असते. ओल्या पृष्ठभागावर पाण्याचा गुळगुळीत थर असल्याने विखुरलेला प्रकाश कमी होतो आणि काळा अधिक खोल भासतो. वाळल्यावर तो थर जातो, पांढऱ्या छटा किंचित मंदावतात आणि अंधारखोलीत समाधानकारक वाटलेले प्रिंट दुसऱ्या दिवशी निर्जीव दिसते. त्यासाठी कोणताही निर्णय वाळलेल्या प्रिंटवरूनच घ्यावा, आणि तोही ज्या प्रकाशात ते पुढे पाहिले जाणार आहे त्या प्रकाशात.

दुसरी मर्यादा दृष्टीची आहे. काळ्याची खोली डोळा शेजारच्या पांढऱ्याशी तुलना करूनच ठरवतो. कागदाची पांढरी छटा जराशी मळली तरी काळाही फिका वाटतो, जरी त्याची घनता तसूभरही कमी झालेली नसली तरी. दोष काळ्यात आहे की पांढऱ्यात, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा तो याचसाठी.

निगेटिव्हची कड : मुख्य कसोटी

प्रत्येक फिल्मच्या चौकटीबाहेर प्रकाश न लागलेली एक पारदर्शक कड असते. काचेच्या जुन्या प्लेटलाही, धारकाच्या ओठाखाली झाकला गेलेला असा अरुंद पट्टा बहुधा असतो. या कडेतून कागदावर पडणारा प्रकाश म्हणजे त्या निगेटिव्हमधून पडू शकणारा जास्तीत जास्त प्रकाश. म्हणून कडेचा काही भाग चित्राबरोबर छापला तर प्रिंटमध्येच एक मोजपट्टी तयार होते. या मोजपट्टीचा उपयोग पुढीलप्रमाणे करता येतो.

कड पूर्ण काळी आली आणि चैत्यगृहाचा अंतर्भाग मात्र राखाडी राहिला, तर कागद, रसायन आणि प्रकाशावधी ही तिन्ही निर्दोष आहेत. राखाडीचे कारण निगेटिव्हमध्ये, किंवा प्रत्यक्ष स्थळी, शोधावे लागेल. उलट कडच राखाडी असली, तर दोष अंधारखोलीतील आहे, आणि निगेटिव्हविषयी कोणतेही मत तूर्त बनवू नये.

कड पूर्ण काळी आहे किंवा नाही हे कशाशी ताडून पाहावे? त्यासाठी त्याच पाकिटातील कागदाचा एक तुकडा साध्या दिव्याच्या उजेडात क्षणभर धरून, ताज्या डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ ठेवून, नेहमीप्रमाणे स्थिर करून वाळवावा. हा त्या कागदाचा सर्वांत खोल काळा. त्याशेजारी प्रिंटची कड ठेवली असता भेद दिसला नाही तर कड पूर्ण काळी मानावी. हा तुकडा स्वतःच फिका निघाला तर कागद तरी बिघडला आहे किंवा डेव्हलपर तरी. तुकडा काळा पण कड राखाडी, असे झाल्यास एन्लार्जरखालील प्रकाशावधी अपुरा पडला आहे.

या शेवटच्या स्थितीत कड काळी होईपर्यंत अवधी टप्प्याटप्प्याने वाढवावा. तसे करताना उजळ भागही योग्य छटेस आले, तर प्रश्न तेथेच मिटला. परंतु कड काळी होईपर्यंत उजळ भाग फार काळवंडले, तर निगेटिव्ह या कागदाच्या मानाने मृदू आहे. कठोर प्रतीचा कागद घेण्याचा खरा प्रसंग हाच होय. म्हणजे नेहमी पहिला म्हणून योजला जाणारा उपाय योग्य क्रमाने पाहता बराच नंतर येतो.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. पारदर्शक कडेतून येणारा प्रबल प्रकाश एन्लार्जरमध्ये विखुरतो आणि चित्राच्या उजळ भागांवर पसरतो. म्हणून चाचणी संपल्यावर कडेचा अगदी अरुंद पट्टा ठेवून बाकीचा भाग काळ्या कागदाने झाकावा.

डेव्हलपर आणि कागद

छपाईसाठी दीर्घकाळ प्रचारात असलेल्या कोडॅकच्या डी-७२ या सूत्रात एका लिटरमागे मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, एकजलीय सोडियम कार्बोनेट ८० ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम असतात. वापरताना त्याच्या एका भागात दोन भाग पाणी मिसळतात. या मिश्रणात मेटॉल प्रतिमा त्वरित उमटवते, तर गडद छटांना भरीव घनता आणण्याचे काम मुख्यत्वे हायड्रोक्विनोन करते. यावरून दोन दोषांचा उलगडा होतो.

पहिला दोष तपमानाचा. द्रावण थंड होत जाते तसतशी हायड्रोक्विनोनची क्रिया झपाट्याने मंदावते आणि सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली ते जवळजवळ निष्क्रिय होते; मेटॉल मात्र काम करीत राहते. परिणामी प्रतिमा उमटते, तपशीलही दिसतो, पण काळा भरत नाही. मावळातील हिवाळी रात्री न तापविलेल्या खोलीत काम करणाऱ्याने द्रावणात तपमापक ठेवूनच काम करावे आणि ते २० अंशांच्या आसपास राखावे.

दुसरा दोष क्षाराचा. सूत्रातील एकजलीय कार्बोनेटऐवजी धुण्याच्या सोड्याचे स्फटिक तितक्याच वजनाने घातले, तर डेव्हलपर दुर्बल होतो. कारण स्फटिकांच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते. ८० ग्रॅम एकजलीय कार्बोनेटच्या जागी स्फटिक सुमारे १८० ग्रॅम लागतात. शिवाय कोरड्या हवेत हे स्फटिक पाणी गमावून पिठूळ होत असल्याने त्यांच्या वजनाचा भरवसाही धरता येत नाही.

याहून अधिक वेळा आढळणारा दोष मात्र हाताचा आहे. प्रकाशावधी जास्त दिला गेला की प्रतिमा वेगाने काळवंडू लागते आणि ती वाचविण्यासाठी प्रिंट अर्ध्या वेळातच ट्रेमधून उचलले जाते. उजळ भाग त्या क्षणी ठीक दिसतात, परंतु गडद भागांतील क्रिया पुरी झालेली नसते. काळा फिका आणि डागाळलेला येतो. सेफलाइटच्या मंद उजेडात प्रत्येक प्रिंट असते त्याहून गडद दिसते, हेही या घाईचे एक कारण आहे. ब्रोमाइड कागद दीड ते दोन मिनिटे पूर्ण वेळ ठेवावा आणि छटांतील सुधारणा प्रकाशावधी बदलून करावी, वेळ तोडून नव्हे. अनेक प्रिंटे निघाल्यावर डेव्हलपर थकतो, तेव्हाही हेच लक्षण दिसते. म्हणून कामाच्या आरंभी केलेला काळा तुकडा जपून ठेवावा आणि मधूनमधून तसाच नवा तुकडा काढून त्याच्याशी ताडावा.

जुन्या कागदाची गोष्ट वेगळी आहे. उष्मा आणि दमट हवा यांनी न वापरलेल्या कागदावरही धुके चढते. ते ओळखण्यासाठी प्रकाश न लागलेल्या कागदाचे दोन तुकडे घ्यावेत. एक सरळ हायपोत टाकावा; दुसरा डेव्हलपरमधून पूर्ण वेळ काढून मग हायपोत टाकावा. दुसरा करडा दिसल्यास कागद धुकाळला आहे. डेव्हलपरमध्ये थोडे बेंझोट्रायाझोल वाढविल्याने धुके काहीसे आवरते, पण जुन्या कागदाची गमावलेली कमाल घनता त्याने परत येत नाही. उटकमंड येथे १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या कंपनीचा ‘इंदू’ छापाचा माल एके काळी देशभर वापरात होता; आता ते उत्पादन बंद पडले आहे. अशा जुन्या मालाची उरलेली पाकिटे कोठे आढळल्यास संशोधनार्थ छपाई त्यांवर करण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी. पावसाळ्यात मावळासारख्या प्रदेशात कागद हवाबंद डब्यात ठेवावा आणि शीतकपाटातून काढल्यावर खोलीच्या तपमानास आल्याखेरीज पाकीट उघडू नये.

परका प्रकाश : दोन जागा, दोन परिणाम

विखुरलेल्या प्रकाशाचा परिणाम छापताना एक आणि कॅमेऱ्यात दुसराच होतो. हा भेद बहुधा दुर्लक्षिला जातो.

अंधारखोलीत सेफलाइट फार प्रखर असेल, एन्लार्जरच्या भिंगावर धूळ वा बुरशी असेल, किंवा दिव्याचा प्रकाश फटीतून भिंतीवर पडत असेल, तर हा जादा प्रकाश कागदाच्या सर्व भागांवर पडतो. जे भाग आधीच काळे व्हावयाचे आहेत तेथे तो नगण्य ठरतो; जे पांढरे राहावयाचे आहेत तेथे मात्र त्याची करडी छटा चढते. मग छपाई करणारा पांढरे जपण्यासाठी अवधी कमी करतो, आणि त्या कमी अवधीने काळा फिका पडतो. मूळ दोष पांढऱ्यात, पण तो प्रकट होतो काळ्यात, असा हा प्रकार आहे. सेफलाइटची परीक्षा करताना कोऱ्या कागदावर नाणे ठेवून पाहणे पुरेसे नाही. कागदास आधी एन्लार्जरखाली फिकट करडी छटा येण्याइतका प्रकाश द्यावा आणि मग नाणे ठेवून पाच-सात मिनिटे सेफलाइटखाली राहू द्यावे. कारण थोडा प्रकाश लागलेला कागद अशा जादा प्रकाशास अधिक संवेदनशील असतो. विकसित केल्यावर नाण्याचे वर्तुळ दिसले तर सेफलाइट सुरक्षित नाही.

कॅमेऱ्यात याच्या उलट घडते. तेथे विखुरलेला प्रकाश निगेटिव्हच्या सावल्यांवर चढतो. उजळ भागांत मुळातच इतका प्रकाश असतो की थोड्याशा वाढीने तेथे फरक पडत नाही. सावलीत मात्र ती वाढ मूळ प्रकाशापेक्षाही अधिक असू शकते. भाजे येथील चैत्यगृहाच्या आतून समोरच्या उघड्या कमानीकडे भिंग रोखले असता नेमके हेच होते. बाहेरचे आकाश आणि इंद्रायणीचे उजळ खोरे यांचा प्रकाश भिंगाच्या पृष्ठभागांवरून आणि कॅमेऱ्याच्या अंतर्भागावरून उसळून स्तंभांच्या छायेवर पसरतो. अशा निगेटिव्हमधील सावल्या कडेपेक्षा स्पष्टपणे घन असतात, पण त्यांत तपशील नसतो. अपुऱ्या प्रकाशाचे निगेटिव्ह याहून भिन्न दिसते: त्यातील सावल्या कडेइतक्याच पारदर्शक असतात. पहिल्या प्रकारात कठोर कागदाने काही सुधारणा होते. दुसऱ्या प्रकारात सावली काळीच छापणे प्रामाणिकपणाचे ठरते, कारण तेथे दाखविण्याजोगे काही नोंदलेच गेलेले नाही. ती ‘उजळ’ करून छापली तर मिळते ते केवळ राखाडी आवरण.

भाजे येथील शिल्पांस अनुलक्षून

काळा कोठे यावयास हवा, हे ठरविण्यासाठी स्थळाचे ज्ञान लागते. भाजे येथील दगड दख्खनचा बेसाल्ट आहे. त्याचा रंग गडद असला तरी काळा नाही. कड पूर्ण काळी आणि दगड मध्यम ते गडद करडा, हेच त्याचे यथार्थ चित्रण होय. पूर्ण काळा शोभतो तो खोल्यांच्या दारांत, स्तंभांमागील अरुंद मार्गात आणि कोरीव कामाच्या खालच्या खोबणींत. दगडच काळा छापण्याच्या हव्यासाने अनेक प्रिंटांतील छिन्नीच्या खुणा बुडून जातात.

विहाराच्या ओसरीतील, सूर्य आणि इंद्र या नावांनी सामान्यतः ओळखल्या जाणाऱ्या दोन शिल्पपटांच्या बाबतीत ही अडचण तीव्र होते. एका पटात रथारूढ आकृती आणि तिच्या रथाखाली दडपलेले राक्षसी देह आहेत. दुसऱ्यात हत्तीवर आरूढ आकृती असून हत्तीच्या सोंडेत उपटलेला वृक्ष आहे. या आकृतींचा अर्थ काय याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि ते सोडविण्यात बारीकसारीक तपशिलांचा वाटा मोठा आहे. कोरीव काम उथळ, प्रकाश ओसरीतील मंद व पसरट. त्यामुळे निगेटिव्ह स्वभावतःच मृदू येते आणि पहिले प्रिंट हमखास राखाडी निघते. येथे कठोर कागद योग्य, परंतु तो कड काळी होईल इतक्याच अवधीने वापरावा. त्यापुढे गेल्यास रथाखालील देहांच्या बाह्यरेषा एकमेकींत मिसळतात आणि वाचकास एकच काळा ढिगारा दिसतो.

चैत्यगृहाच्या अंतर्भागाचा प्रश्न निराळा. बाहेरील उजेड आणि छताजवळील काळोख यांचे प्रमाण उदाहरणादाखल १००० : १ धरले, तरी चकचकीत कागदाजवळ दाखविण्यास सुमारे १०० : १ एवढाच पल्ला आहे. काहीतरी सोडावेच लागते. बहुधा छपाई करणारा हाताच्या आडोशाने सावल्यांवरील प्रकाश रोखून त्या उजळवितो. लाकडी फासळ्या त्यामुळे दिसू लागतात, पण त्यांच्यामधील पोकळ्याही करड्या होतात, आणि फिकट काळ्याचा हा एक हाताने निर्माण केलेला प्रकार ठरतो. त्यापेक्षा एकाच निगेटिव्हची दोन प्रिंटे करावीत हे श्रेयस्कर: एक वास्तूची खोली दाखविणारे, ज्यात कड आणि पोकळ्या पूर्ण काळ्या आहेत, दुसरे केवळ सावलीतील तपशिलासाठी. दुसऱ्या प्रिंटवर तसा स्पष्ट शेरा असावा, म्हणजे त्यातील राखाडी पोकळी कोणी उजळलेली भिंत समजणार नाही.

प्रिंट पुरे झाल्यावरची काळजी

निर्दोष प्रिंटही पुढे बिघडू शकते. तीव्र अमोनियम थायोसल्फेटच्या हायपोत ते फार वेळ राहिल्यास चांदीचा अंश विरघळतो. याचा फटका प्रथम उजळ छटांना बसतो, मग इतर छटांना. धुलाई अपुरी झाल्यास कालांतराने प्रतिमा पिवळट व फिकी होते. सेलेनियमच्या सौम्य द्रावणातून प्रिंट काढल्यास गडद छटांची घनता किंचित वाढते आणि टिकाऊपणाही येतो. मात्र हे द्रव्य विषारी असल्याने हातमोजे आणि खेळती हवा आवश्यक आहे. मुळात फिका असलेला काळा यातून दुरुस्त होईल अशी अपेक्षा करू नये.

प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने निगेटिव्हचा क्रमांक, कागदाचा प्रकार व प्रत, डेव्हलपर, तपमान, प्रकाशावधी आणि हाताने रोखलेले वा वाढविलेले भाग नोंदवावेत. आज पुष्कळशा जुन्या निगेटिव्ह संगणकीय प्रतींच्या रूपाने जतन केल्या जात आहेत; त्या प्रती घेतानाही चौकटीबाहेरची कड कापून टाकू नये, कारण छटांचा आरंभबिंदू तेथेही तीच ठरविते. डोंगरातील दगड व लाकूड पावसापाण्याने झिजत राहणार; काही तपशील पुढील पिढ्यांस निगेटिव्हवरूनच वाचावे लागतील. त्या वाचनात करडे कोणते दगडाचे आणि कोणते दुर्बल डेव्हलपरचे, हे सांगणारी खूण प्रिंटच्या कडेवर राखून ठेवणे हे छायाचित्रण करणाऱ्या संशोधकाचे कर्तव्य आहे.